आठ नसलेली संख्या

वसईच्या वाडीत शंकरच्या वडिलांनी नऊ मुलांच्या जेवणाच्या पाटांवर एक ते नऊ आकडे रंगवले होते. यशोदाताई आठवी, शंकर नववा. ताईने घरच्यांना न जुमानता लग्न केलं, तेव्हा वडिलांनी आठाचा पाट माळ्यावर टाकला आणि शंकरला साताशेजारी सरकवलं.

जाण्याआधी ताईने त्याच्या वहीत लिहिलं होतं: १२३४५६७९. आठ वगळलेला. “नऊने गुण,” ती म्हणाली. उत्तरात नऊ वेळा एक आला. म्हणजे माझ्यावाचून तुमचं काही अडणार नाही, असा तो टोमणा आहे, असंच त्याने धरलं. ताई पुढच्याच स्टेशनला, नालासोपाऱ्यात राहायची. पण हा हट्टी माणूस पन्नास वर्षांत एकदाही गेला नाही.

काल त्याला बहात्तरावं लागलं. जुनी वही हाती आली, म्हणून त्याने तीच संख्या सहज बहात्तरने गुणली. उत्तरातले नऊच्या नऊ आकडे आठ.

त्याने माळ्यावरचा पाट उतरवला, पुसला आणि आपल्या शेजारी मांडला. सुनेने त्यावरचा आकडा वाचला. ताई वारून तीन वर्षं झाली होती. सुनेने तिथेही ताट वाढलं.