हँकच्या स्पीकरचा कागद

हे मी आजवर कुणापाशी काढलेलं नाही. बायकोपाशीसुद्धा नाही — घडलं तेव्हा ती याच घरात होती, वरच्या खोलीत, आणि देवाघरी जाईपर्यंत तिला ठाऊक नव्हतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. नाही, हेही खरं नव्हे. सांगतोय कारण बसवत नाही. आठवडा झाला. बसलो की उठतो, उठलो की खिडकीशी जातो, तिथनं परत येतो.

आधी माझं सांगतो. मी चौथी शिकलो. विट्याला माझं लाउडस्पीकरचं दुकान होतं — भाड्यानं द्यायचे, दुरुस्तही करायचे. लग्न, जत्रा, निवडणूक, तालुक्यात कुठं स्पीकर फाटला की माझ्याकडं यायचा. स्पीकरच्या पोटात कागदाचा कोन असतो. तो हलतो म्हणून आवाज निघतो, आणि फाटला की आवाज फरफरतो. जुना कागद ब्लेडनं सोडवायचा, नवा चिकटवायचा. हे काम माझ्याइतकं साफ कुणी करत नव्हतं. बढाई वाटेल. वाटू द्या.

दुकान बंद करून मुलाकडे इथं अमेरिकेत, शॉमबर्गला आलो, तेव्हा बारा इंची चार कागद कपड्यांच्या घडीत घालून आणले. मंदार हसला होता. म्हणाला, "बाबा, इथं कोण रिपेअर करतं? लोक फेकतात आणि नवीन ऑर्डर करतात." मी म्हटलं, बघू.

शेजारी डेनिस राहतो. माझ्याच वयाचा, पोट सुटलेला, मला 'डॉक' म्हणतो. त्याच्या गॅरेजातून दर शनिवारी दुपारी गिटारचा आवाज यायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी घरात म्हटलं, त्या माणसाचा स्पीकर फाटलाय, कुणीतरी सांगा त्याला. ईशा, माझी नात, तेव्हा सोळाची — पोट धरून हसली. "आजोबा, दॅट इज द साउंड!"

मग तिनं समजावलं. साठेक वर्षांमागं इंग्लंडात तीन पोरं होती. एक गिटार, एक बेस, एक ड्रम, बस्स. इथल्या काळ्या लोकांची जुनी दुःखाची गाणी त्यांनी उचलली आणि आवाज वाढवायची माणसाच्या उंचीची मशिनं लावून इतक्या जोरात वाजवली, की गिटारचा आवाज फाटायचा. फाटावा म्हणूनच वाजवायचे! फार वर्षं काही टिकले नाहीत. भांडले, पांगले. पण त्यांचं ऐकून गावोगावच्या गॅरेजांत तिघं-तिघं उभी राहिली. डेनिस, त्याचा थोरला भाऊ हँक आणि ड्रमवाला एक दोस्त, ही त्यातलीच तिघं. म्हातारे झाले तरी शनिवार सोडला नाही. मग हँक कॅन्सरनं गेला. दहा जणांच्या बँडात एक गेला तर ओढून नेता येतं. तिघांत एक गेला की काय उरतं? दोन वर्षं ते गॅरेज गप्प होतं म्हणे. मग डेनिस एकटाच हँकच्या मशिनावर वाजवायला लागला, तोच आवाज मी ऐकला होता. पुढं डेनिसनं ईशाला शिकवलं, आणि हँकच्या जागी माझी नात उभी केली. हँकचं मशीन तिच्यापुढं ठेवलं.

शाळेत दोन मैत्रिणी सोडल्या तर ती कुणाशी बोलायची नाही. शनिवारी मात्र अशी उभी राहायची, की मी कुंपणाशी जाऊन बघत बसायचो. संगीत मला कळत नव्हतं. पोरगी कळत होती.

तर त्या मशिनातून घूंऽऽ असा आवाज यायला लागला. ईशानं सांगितलं, माझे आजोबा करतील. दोघांनी ढकलत आमच्या बेसमेंटमध्ये आणलं. डेनिस काही बोलला, ईशानं मराठीत सांगितलं, "फक्त तो घूं, तो हम काढायचा, आजोबा. बाकी कशाला हात लावायचा नाही म्हणतोय."

मला ते लागलं. गिऱ्हाईक मला शिकवणार?

घूं काढला. अर्ध्या तासाचं काम. मग मागची फळी उघडीच होती म्हणून बॅटरी मारली, तर स्पीकरच्या कागदाला तीन लांब चिरा. वर जुनी पिवळी चिकटपट्टी. मी मनात हसलो. एवढा मोठा देश, आणि फाटक्या स्पीकरवर वाजवतात! सांगितलं असतं तर — पण सांगायचं कशाला, ऐकून गार होतील ना. विट्याचा कागद काढला. दोन दिवस खाली बसून असा बसवला, की तुम्हाला सांधा सापडला नसता. जुना कागद बुधवारी कचऱ्याच्या गाडीत गेला.

कौतुकाची वाट बघत होतो मी. हे लिहितानाही कान तापतात.

डेनिस तेव्हा मुलीकडे गेला होता, त्यामुळं मशीन तीन आठवडे आमच्याकडेच राहिलं. ईशा आणि तिच्या दोन मैत्रिणी खाली बसून हळू आवाजात वाजवायच्या. तो परतला, खाली आला, तार छेडली — आणि थांबला. पुन्हा छेडली. आवाज स्वच्छ, देवळातल्या घंटेसारखा. त्यानं मागची फळी काढून आत बघितलं आणि तिथंच फरशीवर बसला.

त्या चिरा हँकनं स्वतः पाडल्या होत्या. पोरवयात. आई हॉस्पिटलात नोकरीला, रात्रपाळी करून दिवसा झोपायची. त्या तिघा इंग्रजांसारखं मोठ्यानं वाजवायची सोय नव्हती, म्हणून हँकनं ब्लेडनं कागद चिरला, की हळू वाजवलं तरी आवाज फाटावा आणि आई झोपलेली राहावी. डेनिस हे सांगत होता, ईशा रडत रडत मला मराठीत सांगत होती. तिनं सांगायच्या आधीच मला कळलं होतं. मला इंग्रजी बोलता येत नाही, पण समजतं. घरात कुणाला माहीत नाही किती समजतं.

डेनिसनं मला विचारलं, "डॉक, तू बदललास?"

एवढंच म्हणायचं होतं — येस. किती अक्षरं आहेत हो त्यात?

मी म्हणालो, "नो. नो टच."

त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. मग ईशाकडे वळून विचारलं, तू की तुझ्या मैत्रिणींनी नवा मागवून बसवला? ती म्हणाली, नाही. पण पोरगी भाबडी, पुढं म्हणाली, आवाज क्लीन झाला होता खरा, मला वाटलं हम गेला म्हणून. डेनिसनं मान हलवली. मी समोरच होतो. शब्दन् शब्द समजत होता, आणि तोंडावर असा भाव ठेवला होता, की म्हाताऱ्याला काय कळतंय.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी कधीतरी बोललो असतो. थांबलं नाही. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मंदार तिला म्हणाला, "जा, सॉरी म्हणून ये."

"मी नाही केलं, बाबा!"

"मग कुणी केलं? आजोबांनी?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मुद्दाम नव्हे, असंच. आणि मी हातातली भाकरी ताटात आपटली. म्हणालो, पन्नास वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाइकाच्या मालाला न सांगता हात लावला नाही मी. स्वतःचं खापर माझ्या डोक्यावर फोडतेस?

ती म्हणाली, "सॉरी, आजोबा."

मला. मला सॉरी म्हणाली ती. मग चप्पल घालून डेनिसकडे गेली आणि न केलेल्या गोष्टीची माफी मागून आली. मी खिडकीतनं बघत होतो. दारात उभं राहून बोलली. त्यानं आत ये म्हटलं नाही.

शनिवार बंद झाला. ड्रमवाला फ्लोरिडाला गेला. ईशानं गिटार कुणाला देऊन टाकली. डेनिस मात्र त्यानंतर त्याचा रेडिओ, त्याचा जुना टेप माझ्याकडेच आणत राहिला. मंदारला म्हणाला, तुझ्या वडिलांसारखा सचोटीचा कारागीर आता मिळत नाही. मंदारनं मोठ्या अभिमानानं मला ते मराठीत सांगितलं, आणि मी ऐकून घेतलं.

कारणं शोधून बघितली मी. अपमान, परका देश, वय. एकही टिकत नाही. कागद बदलला ती चूक होती. बाकीचं सगळं मी जाणूनबुजून केलं.

ईशा आता चोवीस वर्षांची आहे. बॉथेलला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. गेल्या आठवड्यात चार दिवस आली होती. मी टपालपेटीशी उभा होतो, ती चालायला म्हणून बाहेर पडली. डेनिस समोर गवत कापत होता. तो दिसला तशी तिनं मान खाली घातली आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं गेली.

डेनिसनं तिच्याकडे बघितलं नाही. मशीन बंद करून माझ्याकडे हात हलवला. "हाय, डॉक!"

मीही हात हलवला.