शनिवारी पुलगाव, रविवारी सिंदी

यमुनाआत्या मला न्यायला यायची तेव्हा कुणाकडेही पाणी घेत नसे. उन्हातून आलेली असली तरी नाही. "इकडचं पानी पेलं का तोंडात इकडचंच बोलनं येते," म्हणायची. आईच्या घरी नाही, आणि पुलगावला स्वतःच्या सख्ख्या भावाच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या घरीही नाही. हट्टाला तिच्या तोड नव्हती.

आई-वडील वेगळे झाले तेव्हा वर्ध्याच्या कोर्टानं ठरवून दिलं, की मी सिंदीला आईजवळ राहायचं, शनिवारी वडिलांकडे जायचं आणि रविवारी संध्याकाळी परत यायचं. ने-आण कुणी करायची यावरून दोन्हीकडची माणसं हमरीतुमरीवर आली. शेवटी आत्याचं नाव निघालं. ती सिंदीलाच दिलेली होती, आणि वडिलांच्या माणसांपैकी आईचा विश्वास फक्त तिच्यावर होता.

एका रविवारी वडिलांनी दाराला आतून कडी घातली. मामा मला नागपूरला नेऊन ठेवणार, असं त्यांच्या कानावर आलं होतं.

"पोरगी आता इथंच राहीन. एकदा नागपूरले गेली का मले कोन दाखवीन?"

"दार उघड. गाडीची येळ झाली," आत्या म्हणाली.

"सख्खी बहीण हायेस का तिची वकील?"

"सख्खी आहो म्हनूनच सांगून राह्यली. आज ठेवून घेशीन, तर उद्या कोर्ट तुहा शनिवारबी काढून घेईन. मंग रडजो."

वडील कडीवर हात ठेवून उभे. मी भिंतीला चिकटलेली. थांबावंसंही वाटत होतं आणि आईही हवी होती. बऱ्याच वेळानं कडी निघाली.

"ने तिले. पन तू या घरात पुन्हा पाय ठेवजो नोको."

आत्यानं मला उचललं आणि जवळजवळ धावतच स्टेशन गाठलं. बिचारीचं माहेर तुटलं होतं. गाडीत ती तोंडाला पदर लावून बसली आणि मी मूर्ख, तिचाच राग राग करत होते.

सिंदीच्या फलाटावर आई घाबरीघुबरी उभी होती. "काऊन रडून राह्यली पोरगी?"

"बापाले सोडून आली, रडनच. आन् हिले नागपूरले धाडाचं असन तर धाड. शनिवारी मी तिथूनबी नेईन."

नागपूरचा विषय तिथंच मिटला.

पुढच्या शनिवारी आत्यानं मला वडिलांच्या दाराशी सोडलं आणि स्वतः शेजाऱ्यांच्या ओसरीवर रात्र काढली. पुढं कित्येक वर्षं हेच चाललं. वडिलांनी तिला आत बोलावलं नाही, भाऊबीजेलासुद्धा नाही. त्यांचा मला आजही राग येतो. तिला मात्र नव्हता. "बापापाशी माह्यं नाव काढजो नोको," मला बजावायची. "थोडाकसा भेटते थो तुले. हासून राह्य."

आत्या गेली तेव्हा वडील इतक्या वर्षांत पहिल्यांदा सिंदीला आले. स्मशानातून परतल्यावर तिच्या ओसरीत एका बाजूला ते बसले, दुसऱ्या बाजूला आई. दोघंही रडत होती. मी मध्ये बसले होते. रविवारची संध्याकाळ होती, आणि मला कुठंच जायचं नव्हतं.