दिव्याच्या पाटीचा जोड

आमच्या घरात भांडण असायचं ते एका खिडकीवरून, आणि ते मिटलं माझे यजमान गेले तेव्हाच.

हे धुळ्याला पाट्या करत. आधी पत्र्यावर रंगवायचे. स्वातंत्र्यानंतर दहाएक वर्षांनी आग्रा रोडवरच्या दुकानदारांना दिव्याच्या पाट्यांचं वेड लागलं. लाकडी पेटी, आत बल्ब, पुढे दुधी प्लॅस्टिकचा पत्रा आणि त्याला चारी बाजूंनी लाल प्लॅस्टिकची किनार. किनार बोटभर, पण सगळा छळ तिचाच. सरसानं चिकटवली तर पावसाळी हवेत सुटायची. लाख लावली तर ती बल्बच्या उष्णतेनं पाघळायची. स्क्रू मारावा तर पत्रा चिरायचा. सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन दिवसा झकास दिसायचं, पण संध्याकाळी आतला दिवा लागला की त्याचे डाग नायट्यासारखे उठायचे. दिव्याच्या पाटीवर काही म्हणता काही लपत नाही.

शेवटी ह्यांनी औषधाच्या दुकानातून क्लोरोफॉर्म आणला. ब्रशनं कडेला फिरवला की प्लॅस्टिक जरा विरघळायचं आणि प्लॅस्टिकलाच घट्ट धरायचं. डाग नावाला नाही. पण तो उडून फार लवकर जायचा. आमच्याकडची उन्हाळ्यातली झळ आत आली की किनार टेकवेपर्यंत सुकलेला असायचा. म्हणून खिडकी बंद, दार बंद, पंखासुद्धा नाही. त्या कोंडलेल्या खोलीत हे दिवसच्या दिवस बसत. मी रावेरकडची, केळीच्या बागेत वाढलेली. क्लोरोफॉर्मच्या त्या गोडसर वासानं मला मळमळायचं.

सासूबाई दारावर थापा मारत. "बठ्ठा घरमा वास भरायेल शे. खिडकी उघाड ना भाऊ!"

आतून ह्यांचं उत्तर यायचं, "हवा लागनी का जोड बिघडस, माय."

बाहेर आले की ह्यांचे पाय लटपटायचे. गल्लीनं ठरवूनच टाकलं, हा माणूस घरात बसून पितो. ज्यानं जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही त्याला! नळावर मी एकीशी कडाकडा भांडले.

मग ह्यांचं जेवण तुटलं आणि डोळे पिवळे झाले. सासूबाईंनी काविळीची माळ आणून घातली. डॉक्टर मात्र खोलीचा वास घेऊनच चिडले. "माणसाला बेशुद्ध करायचं औषध तुम्ही रोज हुंगताय. यकृत राहील का?" ह्यांनी माझ्या गळ्याची शपथ घेतली, पुन्हा बाटलीला हात लावणार नाही म्हणून.

ती पाळलीही. अंगात जरा जोर आल्यावर एका कापडवाल्याची पाटी सोल्यूशननं चिकटवली. दिवा लागायच्या वेळी मीही बघायला गेले. बटण दाबलं आणि काठानं काळे डाग उमटले. जमलेली माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, "हाई पाटी शे का गोधडी?"

दुसऱ्या दिवशी ह्यांनी पाटी उतरवून घरी आणली आणि खिडकी लावायला घेतली. मी हात धरला. "अहो, दिसू देत डाग. लोक कापड बघायला येतात, पाटी नाही."

"तुले दिसना नही का तो डाग?" एवढंच म्हणाले आणि आतून कडी घातली.

कापडवाल्याची पाटी लखलखली. तिच्यामागून आणखी कामं आली. दिवाळीच्या आत हे गेले.

पुढे तो कापडवाला आणि त्याचा भाऊ वेगळे झाले, दुकानाचं नाव बदलायचं ठरलं. दुकानातला माणूस जुना पत्रा घेऊन आमच्या अंगणात आला. "वहिनी, पत्रा चांगला शे, पन किनार काही निंघत नही."

"निघायची नाही," मी म्हटलं. त्याला वाटलं, मी नवऱ्याची शेखी मिरवतेय. खरं म्हणजे त्या जोडाच्या नावानंच माझं डोकं फिरलं होतं.

त्यानं पटाशी घातली आणि जोर लावला. कडकन आवाज झाला. पत्रा मधोमध फुटला; जोड होता तसाच. तो माणूस ओशाळून निघून गेला. मी एक तुकडा उचलून उन्हात धरला. खरंच, डाग नव्हता. मग मी ह्यांच्या नावानं तोंडाला येईल ते बोलले, आणि बोलता बोलता रडायला लागले.

ती खिडकी मी तेव्हापासून लावलेली नाही. झळ येते, धूळ येते, भांडी पुन्हा पुन्हा विसळावी लागतात.