बावखलातली मरळ आणि बस्त्यावची सासुरवाडी

माणूस गळ टाकून बसायला लागला की मासे साठोत न साठोत, किस्से साठतातच. मासा लागला तर तो दुपारपर्यंत पोटात जातो आणि विषय संपतो. नाही लागला, तर ‘का नाही लागला’ हे पुढची चाळीस वर्षं सांगता येतं. माझ्याकडे आणि बस्त्यावकडे हा दुसरा माल भरपूर!

बस्त्याव माझा बिगारीपासूनचा दोस्त. भुईगावात आमच्या केळीच्या बागा लागून, आणि मध्ये एक बावखल. बावखल म्हणजे बागेला पाणी द्यायला खणलेलं लहानसं तळं. स्वराज्य आलं त्या सुमारास मी वसईच्या कोर्टात कारकून होतो, बस्त्याव बाग बघायचा. रविवारी तो चर्चमधून आला की आम्ही दोघं बांबूच्या काठ्या घेऊन बावखलावर हजर.

पाण्यात एक जुनी मरळ होती. काळी, हातभर लांब. तिच्यासाठी आम्ही गांडुळं लावली, कोळंबी लावली, एकदा तर नाताळची करंजीसुद्धा लावली. करंजी तिने खाल्ली. गळ तेवढा ठेवला.

*

खरी अडचण मरळ नव्हती, बस्त्यावची सासुरवाडी होती. त्याची बायको रोजावहिनी पाचूबंदरची, कोळ्याची मुलगी. बाप पास्कू तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान. तीन भाऊ त्याच बोटीवर. जावई डबक्यात दोरी सोडून बसतो, ही गोष्ट बंदरावर पार शेवटच्या होडीपर्यंत पोचली होती. लग्नाकार्यात मेहुणे विचारायचे, "काय जावय, यंदा बेडूक किती?"

शेवटी ईस्टर झाल्यावर वहिनीने निकाल दिला. डिसेंबरातल्या चर्चच्या सणापर्यंत स्वतःच्या हाताने धरलेला एक मासा आणायचा. नाहीतर गळ बंद, आणि दर रविवारी पाचूबंदरला जाऊन तिच्या भावांची जाळी शिवायची. मेहुण्यांच्या मध्ये बसून! बस्त्यावची त्या रात्री झोप उडाली.

*

घाबरलेला माणूस काय करेल सांगता येत नाही. पंधरा दिवसांत बस्त्यावने वसईच्या बाजारातून एक छान पापलेट घेतलं, बावखलात बुडवून ओलं केलं, वर थोडं शेवाळ लावलं आणि छाती काढून घरी नेलं. शेवाळाची कल्पना माझी, हे कबूल करतो.

आता पापलेट समुद्राचं आणि बावखलाचं पाणी गोडं, हे आम्हा दोघा बागायतदारांच्या डोक्यातच आलं नाही. मासा म्हणजे मासा! वहिनीने तो हातातसुद्धा घेतला नाही. नुसतं बघून म्हणाली, "आज बावखलाला भरती आली वाटतं."

कालवण मात्र तिने झकास केलं. मीही दोन वेळा वाढून घेतलं.

*

खोटं बोलल्याचं बस्त्यावच्या मनाला लागलं. शनिवारी तो फादरकडे पापनिवेदनाला गेला. हे मला त्यानेच सांगितलं, मी काही पापनिवेदनाच्या पेटीच्या जाळीला कान लावून बसलो नव्हतो.

फादरने सगळं ऐकून घेतलं, पुन्हा खोटं न बोलण्याचं वचन घेतलं, प्रायश्चित्त दिलं. बस्त्याव उठायला लागला तर जाळीआडून आवाज आला, "थांब. आमिष काय लावतोस?"

गांडूळ, म्हणून सांगितल्यावर फादर म्हणाले, मरळीला जिवंत बेडूक लागतो, तोही लहान, आणि गळ त्याच्या पाठीतून घालायचा. बाहेर सात माणसं आपापली पापं घेऊन ताटकळत उभी. आत बेडकाचं प्रवचन चालू.

*

लहान बेडूक मिळायला पावसाळा उजाडला. तो लावला आणि पहिल्याच रविवारी मासा लागला. मला! मरळीचं पोर होतं, वीतभर. पण श्रावण चालू. आमच्या घरात श्रावणात मासा सोडाच, त्याचं नाव काढलं तरी आई पाणी शिंपडायची.

मी म्हटलं, बस्त्याव, तू घेऊन जा, तुझं काम होईल. त्याने मासा हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. मग म्हणाला, "नको रे. ती विचारील कोणी धरला, आणि मला आता खोटं बोलायची सोय नाही."

त्याला धर्म आडवा, मला श्रावण आडवा. मासा परत पाण्यात गेला. त्या दिवसापासून आम्ही नियमच केला, काठीला ज्याचा हात त्याचा मासा.

*

सणाच्या आधीचा शेवटचा रविवार. पास्कू तांडेल स्वतः पाचूबंदराहून आला. "जावयाची बोट बघाया आलो," म्हणाला आणि रहाटाच्या दगडावर ठाण मांडून बसला. तीन तास काही नाही. बस्त्याव घामाघूम.

आणि बरोबर बाराला मरळीने बेडूक घेतला. तीच, जुनी! काठी कमानीसारखी वाकली, आणि त्याच क्षणी चर्चची घंटा झाली. दुपारची घंटा झाली की आमच्याकडचे ख्रिस्ती लोक असतील तिथे उभे राहून प्रार्थना म्हणतात. तीन वेळा ‘नमो मरिया’, आणि वडीलधाऱ्याने सांगायची. तांडेल टोपी काढून उभा राहिलाच होता. बस्त्यावने एकदा काठीकडे बघितलं, एकदा सासऱ्याकडे. काठी खाली ठेवली, तिच्यावर पाय दिला आणि हात जोडले.

तांडेलाची प्रार्थना म्हणजे वारा पडलेली होडी. डोळे घट्ट मिटून एकेक शब्द. बस्त्याव घाईने एक शब्द पुढे गेला, तर म्हाताऱ्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुसरी चालू असताना पाणी उसळलं, मरळीची अख्खी पाठ वर आली. माझा हात पुढे गेला होता. पण मी काठी उचलली की मासा माझा आणि बस्त्याव जन्मभर जाळ्यांत. मग मीही हात जोडले. कोणत्या देवाला, ते विचारू नका.

तिसरी संपता संपता पायाखालची काठी सटकली. तांडेलाने आणखी दर्यावर असलेल्यांसाठी एक, मेलेल्यांसाठी एक प्रार्थना घातली. बस्त्याव काठीमागे गुडघाभर पाण्यात उतरून प्रत्येकीला आमेन म्हणत होता. काठी पलीकडच्या काठाला गेली, दोरा तुटला.

"चला, जेवाया," तांडेल टोपी घालत म्हणाला.

घरी वहिनीने रिकामे हात बघितले. जाळं शिवायची सुई आणून बस्त्यावच्या ताटाशेजारी ठेवली. त्याचा चेहरा बघून मला खरंच वाईट वाटलं.

तांडेल भात कालवत मुलीला म्हणाला, "ती सुई उचल. मासा व्हता. हातभर. मी माझ्या डोल्यांनी बघला."

"कवा बघला, बाबा?"

"दुसऱ्या नमो मरियेला."