मागची लाल काच

स्टँडवरून सायकल काढली की दादा आधी मागे जायचे. मडगार्डवरची लाल काच बाहीने पुसायचे, खालचा पांढरा पट्टा अंगठ्याने घासायचे आणि म्हणायचे, "पुढचं आपल्याला दिसतं. मागच्याला आपण दिसलो पायजे."

हे रोज, अगदी उन्हाळ्यातसुद्धा. एकच वाक्य जन्मभर पुरवणारा असा माणूस तुमच्याही ओळखीत असेलच.

साल अठ्ठ्याहत्तर असेल. ओझरच्या अलीकडे एका छोट्या कारखान्यात आम्ही पाचजण कामाला होतो, दादा त्यात सगळ्यांत थोरले. आग्रा रोडने एकामागे एक सायकली जायच्या आणि दादा कायम शेवटी. कुणी दमून मागे पडला की तेही हळू व्हायचे, त्याच्या मागे जायचे. "मागं मी हाय," एवढंच सांगायचे.

दसऱ्याला आम्ही हँडलला झेंडूची माळ घालायचो, दादा मागच्या मडगार्डला. सायकलचं तोंड कुठलं ते तरी कळतं का, असं मी एकदा चेष्टेनं विचारलं. ते हसले नाहीत. कुंकू लावता लावता त्यांनी सांगितलं की त्यांचा धाकटा भाऊ पावसाळ्यात मडगार्ड काढून ठेवायचा. त्याला उडवणारा ट्रकवाला नंतर म्हणाला, दिसलाच नाही.

आता माझा शहाणपणा ऐका. आमचा मळा काळ्या मातीतला. घरापासून रस्त्यापर्यंत येईतो चाक आणि मडगार्ड यांच्यात चिखल असा गच्च बसायचा, की सायकलच खांद्यावर घ्यावी लागायची. एका पावसाळ्यात वैतागून मी दोन्ही मडगार्ड काढले आणि माळ्यावर फेकले. सायकल सुसाट पळायला लागली. पाठीवर मात्र कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा पट्टा. कारखान्यात मला खारुताई म्हणायला लागले.

दादांनी तीनदा समजावलं. तीनदा मी म्हणालो, उद्या बसवतो. त्यानंतर ते बोलायचेच बंद झाले. मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

आषाढात माझी पाळी बदलली. पहाटे अंधारात एकट्यानं जायचं होतं. आदल्या दिवशी दादा पाना घेऊन आले आणि स्वतःचा मागचा मडगार्ड काढून माझ्या सायकलला बसवायला लागले. मी नको नको म्हणत होतो.

"तू एकटा हायेस. मी तिघांच्या मधी राहीन," ते म्हणाले. "तुझा बसवलास की माझा दे."

त्यावरही मी उद्याच म्हणालो. अहो, दहा मिनिटांचं काम! पण माळ्यावर चढायचा कंटाळा. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी दुपारी घरी आलो तेव्हा आभाळ इतकं दाटलं होतं की घरात दिवा लावावा लागला. शिडी लावली, माझा मडगार्ड उतरवला, बसवला. दादांचा पुसून वर्तमानपत्रात गुंडाळला आणि त्यांची सुटायची वेळ झाली तसा पावसात रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

दोघे आले. बाकीचे मागेच आहेत म्हणाले आणि माझ्याजवळ थांबले. आम्ही वाट बघत राहिलो. समोरून दिवे यायचे, पण ते गाड्यांचे असायचे.

बऱ्याच वेळानं तिसरा आला, सायकल हातात धरून, पायी.

"माझी चेन पडली," तो म्हणाला. "दादा मधीच होते. मला बघून थांबले. चेन बसवून दिली, मला पुढं घातलं आणि मागं मी हाय म्हणाले."

मग तो तिथंच चिखलात बसला. दादा जागीच गेले होते. ट्रकवाला तिकडं पाया पडून सांगत होता, दिसलाच नाही.

पावसानं हातातला कागद भिजून गळून पडला होता. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या उजेडात दादांची लाल काच माझ्या हातात लखलखत होती.