कुंकू लावलेली चिठ्ठी

आमच्या मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं होतं. ते मी घोटून घोटून उचललं होतं. पुढे त्या अक्षराचा मला इतका राग आला की ऐन विशीत मी माझ्या हाताचं वळण बदललं.

तीस सालाच्या अलीकडे-पलीकडे मी मराठी सातवी पास झालो, वर्गात पहिला. आमच्या मिठागरी वस्तीत एवढं शिकलेला दुसरा कोणी नव्हता. वडिलांनी घरोघर गूळ वाटला. ते उरणच्या खाडीवर एका शेठच्या मिठागरात राबत. खाऱ्या पाण्याने त्यांच्या टाचा अशा फाटल्या होत्या की भेगांत करंगळी मावावी. त्याच मिठागराच्या कचेरीत, वजनकाट्यावर, दोन कारकून हवे होते. पंचवीस रुपये पगार मिळाला की वडिलांना पुन्हा मिठात उतरू द्यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

तेव्हा उमेदवाराने स्वतः पगार मागायची रीत नव्हती. शिफारस करणारा आकडा लिही, शेठ तो देई. मास्तर म्हणाले, "पगाराचं तू तोंडातून काढू नकोस. मी सगळं लिहितो." त्यांनी कागदाची घडी घालून वर लाख लावली. वडिलांनी ती चिठ्ठी देवापुढे ठेवली आणि तिच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावलं. "मास्तरांचा कागूद हाय," ते मला म्हणाले, "घामाचा हात लावू नको." मी ती रुमालात गुंडाळून मिठागराच्या बांधावरून चालत नेली. फोडून पाहावी असं मनातसुद्धा आलं नाही.

शेठने ती वाचली आणि पंधरा रुपये सांगितले. मी मान डोलावली. मास्तरांनीच लिहिलंय, म्हणजे याहून जास्त मिळत नसेल, अशी मी मनाची समजूत घातली. दुसरा कारकून माझ्याच वर्गातला, सरकारी कचेरीतल्या हेडक्लार्कचा मुलगा. परीक्षेत माझ्या बराच मागे, पण सोबतीला चांगला. ओलं मीठ हाताला कसं लागतं ते मीच त्याला शिकवलं. शेठ पगार एकेकाला आत बोलावून देई, आणि दुसऱ्याला त्याचा आकडा विचारणं बरं दिसत नसे. वडील मिठात उतरतच राहिले. दर दिवाळीला मी मास्तरांकडे नारळ पोचवत होतो.

चौथ्या वर्षी पावसाआधी कचेरीचं छप्पर शाकारायचं होतं, म्हणून तारेला ओवलेले जुने कागद मी उतरवले. एकाच्या कोपऱ्यावर कुंकवाचा डाग दिसला. उलगडून वाचला. "घर मिठागरी, गरीब. मुलगा थोडक्यात समाधान मानील. पंधरात खुशीने राहील." त्याच्या पाठचा कागद दुसऱ्या कारकुनाचा. तेच अक्षर, तीच तारीख. "मुलगा बेताचा, पण घर इभ्रतीचं. पंचविसांपेक्षा कमी देणं शोभणार नाही."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझ्या पहिल्या नंबराबद्दल माझ्या चिठ्ठीत एक शब्द नव्हता! शेठचा मला तितका राग आला नाही. तो व्यापारी, स्वस्तात मिळालं ते त्याने घेतलं. मास्तर माझे होते. आणि ती चिठ्ठी मी स्वतः, जपून, नेऊन दिली होती.

संध्याकाळी तसाच मास्तरांच्या घरी गेलो आणि दोन्ही कागद पुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचले.

"मग? चुकलं काय?" ते म्हणाले. "अरे, तुम्हा लोकांना कमी पुरतं. जास्त लिहून तुझी नोकरी घालवायची होती का? तुझ्या भल्याचंच केलं मी."

ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. त्यानेच मी जास्त पोळलो.

"वडिलांच्या टाचा पाहिल्यात कधी?" मी विचारलं.

"बस, चहा घे," ते म्हणाले.

मी चहा न घेता उठलो. घरी वडील ओट्यावर बसून टाचांना कोकमतेल चोळत होते.

"मास्तरांकरं गेलतास?" त्यांनी विचारलं. "पाया परलास ना?"

मी हो म्हणालो. ते खरंच होतं. दारात शिरल्याशिरल्या, सवयीने, कागद खिशातून काढायच्या आधीच मी त्यांच्या पाया पडलो होतो.