घरगुती केलेली रेसची क्वाड

बायको वाळवंटात रमावी म्हणून मी रेसची क्वाड विकत घेतली. हसू नका. त्या वेळी मला हा उपाय फार हुशारीचा वाटला होता.

क्वाड म्हणजे चार फुगीर टायरांची, हँडलची बाइक. दोहाच्या दक्षिणेला वाळूच्या टेकड्या आहेत, तिथे शुक्रवारच्या सुट्टीला लोक त्या उडवत असतात. मी वेस्ट बेच्या एका ऑफिसात ड्राफ्ट्समन. दिवसभर दुसऱ्यांच्या टॉवरांचे जिने काढायचे आणि संध्याकाळी फरीज बिन ओमरानमधल्या आपल्या दोन खोल्यांत यायचं, हे माझं कर्तृत्व. बायको सांगलीच्या शाळेत गणित शिकवायची. तिला मी दोन वर्षांच्या बिनपगारी रजेवर इथे आणलं होतं. रजेचा अर्जसुद्धा मीच लिहिला, माझं अक्षर चांगलं म्हणून. तिने सही केली. आता रजा जूनमध्ये संपत होती. जूनमध्ये शाळेत हजर व्हायचं, नाहीतर नोकरीवर पाणी सोडायचं. ती त्याबद्दल काही बोलत नव्हती. खिडकीतून समोरच्या इमारतीचे एसी मोजायची आणि मी घरी आलो की सांगायची, "आज एक नवीन लागला."

तिने परत जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. तिच्याशिवाय त्या खोल्यांत राहायची मला भीती वाटत होती. हे तिला सरळ सांगायला काय धाड भरली होती? पण नाही. नवरा बोलतो कशाला, वस्तू आणतो.

क्वाड विकणारा एक गोरा इंजिनिअर होता, देश सोडून चाललेला, हात गळ्यात बांधलेला. रेसमध्ये दोनदाच पळवली, म्हणाला. हात कितव्या वेळी मोडला, ते मी विचारलं नाही. पिकअपमध्ये घालून ती मी सनायात, म्हणजे इंडस्ट्रियल एरियात, खालूंच्या गॅरेजवर नेली. खालू म्हणजे मावशीचा नवरा, पण त्यांना सगळेच खालू म्हणत; रत्नागिरीचे मेकॅनिक, हाताला यश असलेले. त्यांनी ती चालू केली तसा शेजारचा टायरवाला दुकानातून पळत बाहेर आला.

"अरे बाबा, ही शर्यतीची घोडी आहे," खालू म्हणाले. "हिचं काय करायचंय?"

"फॅमिलीसाठी घरगुती करायची."

खालूंनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी बिर्याणीत गूळच मागितला होता. पण केलं बिचाऱ्यांनी. बोंबलणारा सायलेन्सर काढून मुका बसवला. इंजिनाचा जोर उतरवला, तसं ते रेसचं खास इंधन सोडून पंपावरचं साधं पेट्रोल पिऊ लागलं. कडक स्प्रिंगा काढून मऊ घातल्या. दिवे लावले. एकट्यापुरतं सीट होतं, ते लांबवून मागे पाठ टेकायला गादी केली. त्याच्याही मागे डब्यासाठी कॅरियर. रिव्हर्स गिअर तेवढा होईना, मुळातच नव्हता. "रेसवाल्यांना मागे कशाला जायचंय?" खालू म्हणाले. मग हात पुसत त्यांनी विचारलं, "वहिनींना काय हवंय, विचारलंस का?"

"सरप्राइज आहे," मी म्हटलं. अहाहा, काय तो रुबाब!

केरळी दुकानातून नारळ आणला. बायकोने टाकीवर स्वस्तिक काढलं, क्वाडला ओवाळलं, हार घातला. नारळ मी फोडला, हँडल मी धरलं, ती मागच्या गादीवर बसली. चार शुक्रवार तिने माझ्या पाठीचं निसर्गसौंदर्य बघितलं. पाचव्या शुक्रवारी म्हणाली, "अहो, मी चालवू?"

माहेरी ती ट्रॅक्टर चालवायची. तरी मी म्हटलं, "पुढच्या वेळी." आणि मधल्या आठवड्यात गुपचूप खालूंकडे जाऊन थ्रॉटलला, म्हणजे वेग वाढवायला अंगठ्याने दाबायच्या खटक्याला, एक स्क्रू लावून घेतला, जेणेकरून तो अर्ध्याच्या पुढे दाबलाच जाणार नाही. खालू वैतागले. "वाळूत दम लागतो रे. चढावर मधेच थांबली तर?"

"ती कशाला चढावर जातेय?"

ती थेट चढावरच गेली. ओढणी कमरेला बांधली आणि समोरची सगळ्यात उंच टेकडी धरली. अर्ध्यावर इंजिन रडू लागलं, चाकं वाळूत रुतली, क्वाड तिरकी होत मागे घसरली आणि कलंडली. बायकोने उडी मारली म्हणून वाचली. रांगत, धडपडत वर गेलो, तर ती मनगट चोळत वाळूत बसलेली.

"पेट्रोल संपलं का?" तिने विचारलं.

हो म्हणालो असतो तर खपलं असतं. पण मी तिच्या ओढणीवरची वाळू झटकू लागलो. तिने क्वाडकडे बघितलं, थ्रॉटल दाबून पाहिला, पुन्हा दाबला, आणि बोट नेमकं स्क्रूवर ठेवलं. गणिताची बाई ती.

"हे काय?"

"सेफ्टी," मी म्हटलं.

ती हसली नाही, चिडलीही नाही. "स्क्रूड्रायव्हर द्या," एवढंच म्हणाली. दोघांनी मिळून क्वाड सरळ करून खाली आणली. स्क्रू तिने स्वतः काढला, माझ्या हातावर ठेवला आणि सुटली. मुक्या सायलेन्सरमधूनसुद्धा क्वाड काय ओरडली! एका दमात माथ्यावर. पलीकडे समुद्र दिसतो तिथून. इंजिन बंद करून ती बराच वेळ तिकडे बघत बसली. मी खाली चहाचा थर्मास घेऊन उभा, साहेबांच्या ड्रायव्हरसारखा.

परतताना पिकअपमध्ये ती म्हणाली, "शाळेला पत्र पाठवायचंय. जूनमध्ये हजर होते म्हणून."

"बरं," मी म्हटलं. "मी लिहून देतो."

अक्कल अजून आली नव्हती, दुसरं काय!

"मी लिहिलंय," ती म्हणाली. "मागच्या महिन्यातच. पर्समध्ये आहे."

जूनमध्ये एअरपोर्टवर मला हुंदका आला, तो दाबायला काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "क्वाड विकू का गं?"

तिने ट्रॉली थांबवली. दोन वर्षांत पहिल्यांदाच मी तिला काहीतरी विचारत होतो. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं.

"तुम्हीच ठरवा," ती म्हणाली. "सवय आहे तुम्हाला."